बी.कॉम. करताना वाणिज्य मंडळ, रोटरॅक्ट, एनएसएस यांत वेळ घालवावा का? कुठलं सदस्यत्व कामाला येतं?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: चोपडा तालुक्यातून जळगावला एसटीने अपडाउन, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. कॉलेजात वाणिज्य मंडळ आणि एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहे, बाहेर रोटरॅक्ट आणि जेसीआय या तरुणांच्या संस्थांची नावं कानावर येतात, यूट्यूबवर अमेरिकेतल्या बिझनेसच्या मुलामुलींच्या ‘फ्रॅटर्निटी’, म्हणजे विद्यार्थी संघटनाही बघितल्या. तर यात वेळ द्यावा, की टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकून मोकळं व्हावं?

मी धरणगावची. तालुक्याच्याच कॉलेजात बी.कॉम. केलं. आता जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलचे हिशेब बघते, त्याला अकरा वर्षं झाली. माझं म्हणणं असं की मंडळात जरूर जा, पण नुसतं नाव नोंदवून येऊ नका. ज्या कामात पैसा आपल्या हातून जातो ते काम मागून घ्या. अध्यक्ष व्हायला सगळे पुढे असतात, खजिनदार व्हायला कुणी नसतं. तुम्ही खजिनदार व्हा.

आमच्या मंडळाचा दरवर्षी आनंद मेळावा असायचा. मी खजिनदार होते त्या वर्षी अकरा स्टॉल लागले. भरीत आणि कळण्याची भाकरी, शेवभाजी, पाणीपुरी, सरबत. स्टॉलवर रोख घ्यायची नाही, सगळी विक्री कुपनावर, असं आम्ही ठरवलं होतं. संध्याकाळी गल्ला मोजला तर विकलेल्या कुपनांच्या स्थळप्रतींपेक्षा ३४० रुपये कमी. तीनदा मोजलं, तेवढेच कमी. माझ्या मैत्रिणीने पर्स उघडली आणि म्हणाली, चल, आपण दोघी निम्मे निम्मे टाकू, घरी जायला उशीर होतोय. मंडळाच्या सरांनी तिचा हात थांबवला. म्हणाले, “तुम्ही पैसे टाकले की चूक बुजली, मग ती सापडणार कधी?”

आम्ही पुन्हा बसलो. सकाळपासून गल्ल्यातून कोणी कोणी पैसे घेतले ते एकेकाला विचारत गेलो. शेवटी सरबतवाल्या मुलाला आठवलं. दुपारी बर्फवाला दारात उभा होता, म्हणून या सरबतवाल्याने गल्ल्यावर बसलेल्या मुलाकडून ३४० रुपये घेऊन बर्फवाल्याला दिले होते. व्हाउचर नाही, वहीत नोंद नाही, दोघांच्याही मनात काही वाईट नाही. त्या रात्री मी आयुष्यातलं पहिलं खरं व्हाउचर लिहिलं: बर्फ, ३४०, घेणाऱ्याची सही, देणाऱ्याची सही. गल्ल्यातून परस्पर खर्च करायचा नाही हे पुस्तकात मी आधीही वाचलं होतं. पण ते कळलं त्या रात्री.

डाळ मिलच्या मुलाखतीत शेठजींनी माझी सर्टिफिकेटची फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, रोकड जुळली नाही तर काय करता? मी बर्फाची गोष्ट सांगितली. आज माझ्या हाताखाली नवीन मुलं येतात तेव्हा मीही त्यांना असंच काहीतरी विचारते. टॅली सगळ्यांनाच येतं. मंडळाची वर्गणी गोळा केलेल्या, पावती पुस्तक सांभाळलेल्या, मांडववाल्याशी भाव ठरवलेल्या मुलाचं उत्तर वेगळंच असतं, ते पहिल्या दोन वाक्यांत कळतं.

एनएसएसबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कॉमर्सवाले तिला झाडू मारायचं आणि झाडं लावायचं काम समजून सोडून देतात. एनएसएस १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. आमचं शिबिर एरंडोलच्या बाजूला एका गावात होतं. कॉमर्सच्या आम्ही सहा जणींनी ठरवलं की संध्याकाळच्या वेळेत ठेवींविषयी बोलायचं. खानदेशात पतसंस्थांत पैसे अडकलेली घरं किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या आत्याचे मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे असेच अडकले होते, त्यामुळे हा विषय माझ्या जिवाचा होता.

मारुतीच्या ओट्यावर पंचवीस-तीस माणसं जमली. आम्ही सांगितलं की बँक बुडाली तर ठेवीदाराला ठेव विमा महामंडळाकडून मुद्दल आणि व्याज धरून ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे मिळतात. ही मर्यादा आता ५ लाख आहे, फेब्रुवारी २०२० च्या आधी १ लाख होती. सहकारी बँकांनाही हा विमा आहे, पण पतसंस्थेला नाही. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत येत नाही. एवढं बोलून होतं न होतं तोच एक आजोबा उठून घरी गेले आणि कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली ठेव पावती घेऊन आले. पावतीवर ‘सहकारी पतसंस्था मर्यादित’ असं ठळक छापलेलं होतं. त्यांनी विचारलं, “मंग हाई बँक नही शे का?”

मला आजही तो प्रश्न ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी आम्ही आजोबांबरोबर त्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मागायला गेलो. लेखापरीक्षणाचा वर्ग अ, ब, क, ड यांपैकी कुठला, थकबाकी किती, ठेवींच्या मानाने कर्ज किती वाटलंय, हे कुठे बघायचं ते त्यांना दाखवलं. ताळेबंद वाचायला मी तिथे शिकले. त्यासाठी कुठल्या क्लासची फी भरावी लागली नाही.

बाहेरच्या संस्थांत रोटरॅक्टसाठी वय १८ पूर्ण लागतं. आधी तिशीपर्यंतच राहता यायचं, ती वरची मर्यादा आता काढली आहे. रोटरॅक्टच्या मागे रोटरी क्लब असतो, आणि आपल्याकडच्या तालुक्याच्या रोटरीत गावचे डॉक्टर, सीए, अडते, दुकानदार असतात. त्यांच्याशी ओळख होते हा खरा फायदा. मात्र क्लब बघून जा. वर्षाला एक रक्तदान शिबिर आणि बाकी नुसते फोटो असतील तर सोडा. जेसीआय १८ ते ४० वयाच्या लोकांसाठी आहे, तिथे भाषणाचं प्रशिक्षण चांगलं मिळतं. चारचौघांत तोंड उघडायला भीती वाटत असेल तर एक वर्ष जरूर जा. कॉलेजात ई-सेल, म्हणजे उद्योजकता कक्ष असेल तर तीही बघा. आयआयटी मुंबईची ई-सेल इतर कॉलेजांसाठी उद्योजकतेच्या स्पर्धा घेते, त्यांत छोट्या गावातल्या मुलांनाही भाग घेता येतो. आणि ‘आविष्कार’ विसरू नका. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा आहे. त्यात वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी असा स्वतंत्र गट असतो, तरी आपल्याकडून त्या गटात मुलं कमी उतरतात असं मला दिसतं. बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या फेरीसाठी नाव कॉलेजमार्फतच जातं, म्हणून सरांना आत्ताच विचारून ठेवा.

सीए (सनदी लेखापाल), सीएस (कंपनी सेक्रेटरी), सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) यांच्या संस्था ही वेगळी गोष्ट आहे. तिथे तुम्ही आधी विद्यार्थी म्हणून नोंदणी करता, सदस्य होता ते परीक्षा पास होऊन, प्रशिक्षण संपवून. कुणी ‘सीए संस्थेचं सदस्यत्व मिळवून देतो’ म्हणाला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. सीए करायचं मनात असेल तर बी.कॉम.ला ५५ टक्के पडले की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला नोंदणी करता येते. म्हणजे तुमच्या उरलेल्या दोन वर्षांच्या गुणांना किंमत आहे. महाराष्ट्र पश्चिम विभागात येतो, त्या विभागाच्या विद्यार्थी संघटनेला विकासा म्हणतात. ती अभ्यासवर्ग, सराव परीक्षा, कारखाना भेटी घेते. नोंदणी झाली की जळगावच्या शाखेत चौकशी करा.

अमेरिकेतल्या त्या संघटनांचं म्हणाल तर अल्फा कप्पा साय १९०४ ची आणि डेल्टा सिग्मा पाय १९०७ ची, दोन्ही न्यू यॉर्क विद्यापीठात सुरू झालेल्या. बीटा अल्फा साय १९१९ ची, अकाउंटिंग आणि फायनान्सवाल्यांची. तिथे जुने सदस्य नव्यांना नोकरीपर्यंत हात देतात, हे त्यांचं बळ. आपल्याकडे तशी साखळी तयार नाही, पण तुमच्या मंडळातून बाहेर पडलेली मुलं आज जळगावच्या सराफ बाजारात, केळीच्या व्यापारात, बँकेत, सीएच्या ऑफिसात बसलेली आहेत. त्यांची नावं-नंबर एका वहीत उतरवणं हे काम मंडळात अजून कुणी केलेलं नसेल. ते तुम्ही करा.

एक सावधगिरीची गोष्ट, माझ्यावर बेतलेली. दुसऱ्या वर्षाला असताना मी एका कंपनीची ‘कॅम्पस प्रतिनिधी’ झाले. नोंदणीचे पैसे भरले, नंतर कळलं की काम म्हणजे वर्गातल्या मुलींना त्यांचे कोर्स विकायचे. दोघींनी माझ्या शब्दावर पैसे भरले, आणि कोर्स काही कामाचा निघाला नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं. जी संस्था आधी पैसे घेते, मग मैत्रिणींकडून पैसे आणायला सांगते आणि शेवटी छापील सर्टिफिकेट देते, तिचं नाव कितीही ‘राष्ट्रीय’ असो, तिथे जाऊ नका.

मंडळात करायचं काय, असा प्रश्न पडला तर विषय आपल्या दारात पडलेले आहेत. कॉलेजच्या फळ्यावर रोज केळीचा आणि कापसाचा भाव लिहा, आणि भाव बदलला तर का बदलला ते खाली दोन ओळींत लिहा. नवती, पिलबाग आणि वापसी अशा वेगवेगळ्या प्रकारच्या केळीला वेगवेगळा भाव का, हे रावेर-यावलकडची मुलगी वर्गात सरांपेक्षा चांगलं सांगेल. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तेलाची जी कंपनी निघाली तीच पुढे विप्रो झाली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेअर सांभाळलेली घरं आहेत. अशा एखाद्या घरी जाऊन बोनस शेअर म्हणजे काय ते समजून घ्या आणि मंडळात मांडा. अशा कामातून ‘आविष्कार’चा विषयही निघू शकतो.

आता तुमच्या एसटीचं. मंडळाच्या बैठका चार-पाचला ठेवतात आणि अपडाउनच्या मुली आपोआप गळतात, हे मी तीन वर्षं बघितलं. याबद्दल गप्प बसू नका. बैठक दुपारच्या सुट्टीत घ्या असं लेखी द्या, खाली गाडीची वेळ लिहा आणि तुमच्यासोबत अपडाउन करणाऱ्या सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्याकडे सात सह्या झाल्या आणि पुढच्याच आठवड्यापासून बैठक दीड वाजता सुरू झाली. परीक्षेच्या महिन्यात मात्र मंडळ बंद ठेवा, खजिनदाराची वही तेवढी पूर्ण करून.

येत्या सोमवारी मंडळाच्या सरांना भेटा आणि गेल्या वर्षीची जमाखर्चाची वही बघायला मागा. वही मिळाली तर आरंभीची शिल्लक जुळते का ते तपासा. वहीच नसेल तर पन्नास-साठ रुपयांचं रोजकीर्द बुक मिळतं, ते घेऊनच जा आणि पहिली नोंद त्या बुकाच्या खर्चाची करा. पावती घ्यायला विसरू नका.