रोज पुण्यातल्या वारज्याहून शिरवळला कारने जातो. कारपूल करून आणि ड्रायव्हिंगच्या सवयी बदलून पेट्रोलचे पैसे खरंच वाचतात का?

तुम्ही म्हणताय महिन्याला पंधरा हजारांच्या वर पेट्रोल जातं. जाणारच. वारजे-शिरवळ जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, कामाचे पंचवीस दिवस धरले तर अडीच हजार किलोमीटर. गाडी साडेसोळाचं अ‍ॅव्हरेज देत असेल तर दीडशे लिटर लागतं. लिटरला 104 रुपयांनी हिशेब करा. तेच चौघांत वाटलं की माणशी चार हजारांच्या आत येतं. सवयी बदलून वाचतात ते दीड-दोन हजार, सीट भरून वाचतात ते अकरा-बारा हजार. त्यामुळे आधी माणसं शोधा, बाकीचं नंतर.

पण मी उत्तर लिहायला बसलोय ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या दोन ओळींमुळे. तुम्ही लिहिलंय की एका सिनियरने सांगितलं, संध्याकाळी कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडलं की गाडी न्यूट्रल करायची, पुढच्या उतारावर नवले पुलापर्यंत फुकटात येते. हे बरोबर आहे का?

नाही. हे चूक आहे, जिवावर बेतणारं आहे, आणि यात पेट्रोलसुद्धा वाचत नाही. याच एका गोष्टीवरून मी एक उत्तम चाललेलं कारपूल सोडलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मीही शिरवळच्याच एका कंपनीत, मेंटेनन्सला. आमचा चौघांचा ग्रुप होता. मी, स्टोअर्समधला एक मुलगा, अकाउंट्सच्या एक मॅडम आणि प्रॉडक्शनचे एक वरिष्ठ, ज्यांना सगळी कंपनी काका म्हणते. दोन गाड्या, आठवडा पाळीने. पेट्रोलचा हिशेब टाकी फुल टू फुल. ज्याची गाडी त्याला त्या आठवड्यात एक हिस्सा माफ, कारण टायर, सर्व्हिसिंग आणि झीज त्याची होते. कारपूलमध्ये पैशावरून भांडणं होतात ती नेमकी इथे होतात. गाडीवाल्याला तेवढा हिस्सा सोडला की तो मनातल्या मनात कुढत बसत नाही. उशिराचा नियम एकच होता, ठरलेल्या वेळेनंतर दोन मिनिटं, मग गाडी निघणार. मॅडम कधीच उशिरा आल्या नाहीत. सकाळी खेड शिवापूरपर्यंत कोणी बोलायचं नाही, हेही न ठरवता ठरलं होतं. इतकं छान चाललं होतं.

काकांची गाडी असली की मात्र परतताना माझ्या पोटात गोळा यायचा. बोगद्याचं तोंड आलं की त्यांचा डावा हात गिअरवर जायचा, एक टिचकी मारून गिअर न्यूट्रल, आणि मग तो हात निवांत मांडीवर. इंजिनाचा आवाज एकदम खाली यायचा आणि गाडीचा वेग वाढायला लागायचा. साठ, सत्तर, ऐंशी. पुढे नऱ्ह्याचे दिवे, डावीकडे कंटेनर, उजवीकडे कंटेनर, मध्येच सर्व्हिस रोडवरून घुसणारे टू-व्हीलरवाले. काकांचा पाय सतत ब्रेकवर. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी पुढचा टेम्पो अचानक थांबला. काकांनी ब्रेक दाबला, गाडी थोडी डावीकडे ओढली गेली आणि टेम्पोच्या मागे हातभर अंतरावर थांबली. काच खाली केली तर ब्रेक लायनर तापल्याचा वास आत आला. मागे मॅडमनी माझ्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि गाडी थांबल्यावरही बराच वेळ त्यांनी ती सोडली नाही.

मी तिथेच म्हणालो, "काका, उद्यापासून तिसऱ्या गिअरमध्ये उतरवा."

"अरे, तीस वर्षं गाडी चालवतोय मी. पद्मिनी चालवलीय या घाटांतून. तेव्हा तू शाळेत होतास. गिअरमध्ये उतरवली की इंजिन फिरतं, इंजिन फिरलं की पेट्रोल जळतं. साधी गोष्ट आहे."

ही साधी गोष्ट पद्मिनीच्या काळात खरी होती. आजच्या गाडीत नाही. पद्मिनीत हवेत पेट्रोल मिसळायला कार्ब्युरेटर असायचा, त्याला कळत नाही की गाडी उतारावर आहे. इंजिन फिरतंय तोवर ते हवा ओढतं आणि हवेबरोबर पेट्रोल खेचलं जातं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल इंजेक्टर फवारतो, आणि त्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, नजर ठेवून असतो. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचललात, गाडी गिअरमध्ये आहे आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, साधारण दीड हजाराच्या वर आहेत, की तो इंजेक्टर बंदच करतो. इंजिन फिरत असतं ते चाकांच्या जोरावर. पेट्रोल शून्य. उलट न्यूट्रल केलंत की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून ईसीयूला आयडलिंगपुरतं पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे गिअरमध्ये जे पेट्रोल जळत नाही ते न्यूट्रलमध्ये जळतं.

काकांना हे तोंडी पटणार नव्हतं. माझ्या एका गॅरेजवाल्या मित्राकडे स्कॅनर आहे, त्यात इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहतो ते दिसतं. एका रविवारी त्याला शेजारी बसवून मी माझी गाडी त्याच उतारावरून आणली. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय वर घेतलेला, तेव्हा स्क्रीनवर शून्य. न्यूट्रल केल्याबरोबर आकडा दोन मिलिसेकंदांच्या वर जाऊन तिथेच राहिला. पुन्हा गिअर, पुन्हा शून्य. मित्राने मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि मी तो ग्रुपवर टाकला.

रुपयांत सांगतो. छोटं पेट्रोल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला साधारण पाऊण लिटर पितं. बोगदा ते नवले पूल हा पाचेक मिनिटांचा उतार. पाच मिनिटांचं आयडलिंग म्हणजे सहा-साडेसहा रुपयांचं पेट्रोल. काका न्यूट्रल करून रोज सहा रुपये वाचवत नव्हते, घालवत होते. आणि समजा त्यांचंच खरं मानलं, तरी पणाला काय लागलं होतं? सहा रुपये, चौघांत वाटून दीड रुपया.

व्हिडिओवर काकांचं उत्तर आलं, "मशीन काहीही दाखवतं." दुसऱ्या दिवशी मी त्यांना मनापासून म्हणालो, उतारामागे सहा रुपये मी वेगळे देतो, पण गाडी गिअरमध्ये उतरवा. याचा त्यांना फार राग आला. चारचौघांत अपमान केला म्हणाले. "भीती वाटत असेल तर एसटीने ये." मी दुसऱ्या दिवशीपासून एसटीने गेलो. मॅडमही आल्या.

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री नवले पुलावर काय झालं ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. एका मोठ्या ट्रकने कितीतरी गाड्या एकामागून एक उडवल्या. आधी सगळे ब्रेक फेल, ब्रेक फेल म्हणत होते. पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं की चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं. त्यानंतर तिथे रंबलर, म्हणजे वेग कमी करायला लावणारे बारीक उंचवट्यांचे पट्टे, झाले, कॅमेरे आले, वेगमर्यादा खाली आली. काकांचं म्हणणं, "तो ट्रक होता, आपली कार आहे." कारचं वजन कमी असतं एवढाच फरक. गिअर काढला की गाडी धरून ठेवणारं इंजिन गेलं, सगळा भार ब्रेकवर आला. ब्रेक सतत घासला की तापतो आणि तापला की धरत नाही, मग तो ट्रकचा असो की तुमच्या हॅचबॅकचा. आणि कोणी इंजिन बंद करून उतरवत असेल तर पेडल हलकं ठेवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला इंजिनाकडून व्हॅक्यूम मिळत नाही. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा हे जुन्या ड्रायव्हर लोकांनीच आपल्याला शिकवलंय. ते आजही शंभर टक्के बरोबर आहे.

आता तुमच्या सवयींच्या प्रश्नाकडे येतो. सगळ्यात जास्त फरक पडतो वेगाने. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे शंभरला तो ऐंशीच्या दीडपटीहून जास्त असतो. खेड शिवापूर ते शिरवळ हा पंचवीसेक किलोमीटरचा मोकळा रस्ता शंभरने पंधरा मिनिटांत होतो, ऐंशीने एकोणीस मिनिटांत. या चार मिनिटांसाठी लोक आयुष्यभर पैसे जाळतात. मी ऐंशी-पंच्याऐंशी पाळतो आणि माझ्या फुल टू फुल नोंदींत अ‍ॅव्हरेज दोन-अडीच किलोमीटरने जास्त दिसतं. दुसरं म्हणजे पुढे पाहून चालवणं. किकवी, सारोळ्याच्या आसपास वेग कमी होणार हे रोज जाणाऱ्याला माहीत असतं, मग ब्रेकपर्यंत जायचंच कशाला? लांबूनच पाय उचला, गिअर काढू नका, वर सांगितलेला इंजेक्टर बंद होण्याचा फायदा तिथेही मिळतो. हवा दर पंधरवड्याला सकाळी, टायर थंड असताना भरा. चौघं बसणार असाल तर ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोच धरा. हाफ क्लचवर गाडी रखडवू नका. हायवेवर काचा उघड्या टाकून एसी वाचवण्याचा हट्ट सोडा. टपावर कॅरिअर असेल तर काढून ठेवा.

कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज मिळत नाही म्हणून शोरूमशी भांडू नका. तो आकडा चाचणीकेंद्रात गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेगांनी चालवून काढलेला असतो. त्यात नवले पुलाचा ट्रॅफिक नसतो. शिवाय आता पेट्रोल ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, आहे आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे जुन्या नोंदींशी तुलना केलीत तर थोडी घट दिसणारच.

कोणी टोकण्याआधी दोन गोष्टी मीच सांगतो. उतार अगदी हलका असेल आणि गिअरमध्ये गाडी इतकी मंदावत असेल की पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागेल, तर कागदावर न्यूट्रलला किंचित फायदा निघतो. बोगद्याखालचा उतार तसा नाही, तिथे गाडी आपोआप वेग धरते. आणि तुमची गाडी कार्ब्युरेटरची असेल तर काकांचं इंधनाचं गणित तुम्हाला लागू आहे, ब्रेकचं मात्र तिथेही नाही.

कायद्याचंही बघा. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीत परवान्याशिवाय भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये अ‍ॅपवरच्या कारपूलिंगला मान्यता दिली, पण म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात टाकून अनोळखी माणसांना सीट विकायला मोकळीक झाली असं समजू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. एकाच कंपनीतल्या ओळखीच्या लोकांनी पेट्रोल वाटून घ्यावं, नफा काढू नये, आणि हिशेब लिहून ठेवावा.

आमचा नवा ग्रुप आता नीट चालू आहे. मॅडमनी गेल्या वर्षी स्वतःची गाडी घेतली, त्याही पाळीत आहेत, आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये आमच्यात सगळ्यात शांतपणे त्याच उतरवतात. स्टोअर्सचा मुलगा अजून काकांबरोबर जातो. त्याला मी दोनदा बोललोय, इथेही सांगतो, आमच्याकडे एक सीट रिकामी आहे.

तुमच्या सिनियरना हे उत्तर दाखवा. पटलं नाही तर त्यांच्या गाडीत बसू नका, मग महिन्याला कितीही वाचत असोत. आणि तुमचा ग्रुप जमला की माणसं नवले पुलाजवळ हायवेवर थांबून घेऊ किंवा उतरवू नका. संध्याकाळी परतताना मागून येणारे तिथे त्या उतारावरूनच येतात. सकाळी वारज्याहून येताना वडगावच्या सर्व्हिस रोडवर आत वळा, तिथे थांबायला जागा आहे.