वाम धरायचीय? सुरुवातीला एवढंच बघ

मित्रा, वाम म्हणजे सापासारखा लांबट मासा; त्यासाठी रॉड-रीळ आत्ताच घेऊ नकोस. तंगूस (नायलॉनचा दोरा), बारका गळ, जरासं शिसं आणि गांडूळ, बास. भीमेकाठी आम्ही पोरं एवढ्यावरच वामी काढायचो. (गावी सांगताना हातभर वाम पुरुषभर व्हायची, ते चालतंच.)

वाम दिवसा दगडांच्या कपारीत असते, चरायला निघते अंधारात. म्हणून दिवेलागणीला बस आणि गळ तळाला, दगडालगत सोड.

नवीन माणूस हमखास इथं चुकतो:

- ओढ लागली तरी वाट बघत बसतो. वाम कपारीत शिरली की काटे रोवते, मग तंगूसच तुटतं. दमानं, पण लगेच ओढ.
- उघड्या हातानं धरतो. पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. वाम वळवळत मागं सरकते आणि काटे बोटांत घुसतात. ओलं गोणपाट टाकून डोक्यामागं दाब.

पुणे शहरातल्या मुठा नदीत सांडपाणी मिसळतं, तिथली खाऊ नकोस. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग सुटला की पात्रात उतरायचंच नाही, पाणी बघता बघता चढतं. बाकी मोठ्या गळांचं पुढं बोलू.