स्क्रोल सॉवर नावाच्या पाट्या आणि गणपतीचे मखर करायचे असल्यास यंत्र, पाती व लाकूड कोणते घ्यावे?

आपण विचारले आहे की सुतारकामाची थोडीफार सवय आहे, आता स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक नक्षी कापायची टेबलावरची यांत्रिक करवत, घेऊन नावाच्या पाट्या आणि पुढच्या वर्षी घरच्या गणपतीचे मखर करायचे आहे, तर पैसे कशावर घालावेत. मी हे काम हौसेनेच करतो, पण बरीच वर्षे करतो आहे, आणि माझे मत सुरुवातीलाच सांगतो: यंत्रापेक्षा पात्यांवर खर्च करा. नवशिक्याची रेषा सुटते, कड जळते, खालच्या बाजूला कुसळे निघतात, आणि आपला हात अजून बसलेला नाही असे त्याला वाटते. बहुतेक वेळा दोष हाताचा नसून बोथट, सैल किंवा चुकीच्या क्रमांकाच्या पात्याचा असतो.

दुकानात जाताना एक खबरदारी घ्या. ‘जिगसॉ’ म्हटले की दुकानदार हातात धरायचे यंत्र पुढे करतो. त्याने फळीतून मोठा गोल आकार काढता येतो, जाळीकाम, म्हणजे आतली नाजूक भोके कापून केलेली नक्षी, होत नाही. आपल्याला हवे आहे ते टेबलावर बसवायचे, वरखाली हलणारे बारीक पाते असलेले यंत्र. ते घेताना पहिला प्रश्न हा विचारा की त्यात बिनपिनेची पाती बसतात का. स्वस्त यंत्रांत अनेकदा फक्त दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली पाती चालतात. ती बसवायला सोपी असतात, परंतु आतला भाग कापायचा असेल तर पिन आत जाईल एवढे, म्हणजे साधारण ५ ते ६ मिलिमीटरचे भोक पाडावे लागते, आणि ‘व’च्या पोटात तेवढी जागाच नसते. बिनपिनेचे पाते एक ते दीड मिलिमीटरच्या भोकातून जाते. माझे पहिले यंत्र पिनेचे होते, जुने म्हणून स्वस्तात मिळाले होते, आणि वर्षभरात मी ते दुसऱ्याला देऊन टाकले.

दुसरी गोष्ट म्हणजे घशाची खोली, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचे अंतर. १६ इंच हे नेहमीचे माप आहे आणि पाट्यांसाठी ते पुरते. वेग कमीजास्त करता येणे मात्र आवश्यक समजा, कारण शिसवीवर किंवा ॲक्रिलिकवर वेग कमी करावाच लागतो. ॲक्रिलिक तर वेगाच्या उष्णतेने वितळून पात्यामागे पुन्हा चिकटते. अमेरिकेतले नातेवाईक यंत्र आणून देतो म्हणाले, तर दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. हौशी मंडळींत नावाजलेले डीवॉल्टचे डीडब्ल्यू ७८८ हे २० इंच घशाचे, मिनिटाला ४०० ते १७५० फेऱ्यांचे यंत्र उत्तम आहे, पण तेथील यंत्र १२० व्होल्टचे असल्याने त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याचे वजन सुमारे २५ किलो आहे, म्हणजे २३ किलोच्या विमानबॅगेत ते बसणार नाही.

यंत्र कोणतेही असो, ते जड टेबलाला बोल्टने आवळा आणि मध्ये जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा घाला. थरथर कमी झाली की अर्धे काम सोपे होते. टेबल पात्याशी काटकोनात आहे का हे लहान गुण्या लावून पाहावे. गुण्या पात्याजवळ नीट बसत नसेल, तर जाड लाकडाच्या तुकड्यात अर्धा सेंटिमीटर खाच कापा, तुकडा पात्याच्या मागे नेऊन तीच खाच पात्याला लावून पाहा; पाते सरळ खाचेत शिरले तर कोन बरोबर आहे.

आता पात्यांविषयी. बिनपिनेची पाती ५ इंच लांबीची असतात आणि त्यांना क्रमांक असतात: २/०, १, ३, ५, ७ असे वाढत जातात, तसे पाते रुंद आणि जाड होते. माझा हिशोब असा आहे की ३ मिलिमीटर प्लायसाठी १ क्रमांक, ६ मिलिमीटरसाठी ३ क्रमांक आणि पाऊण इंची लाकडासाठी ५ किंवा ७ क्रमांक घ्यावा, आणि लाकडाच्या जाडीत कोणत्याही वेळी किमान तीन दात असावेत. दातांचे प्रकार बरेच आहेत, पण सुरुवातीला दोनच घ्या: एकाआड एक दात गाळलेली साधी पाती, जी भुसा चांगला बाहेर टाकतात, आणि खालचे काही दात उलटे असलेली पाती, जी प्लायच्या खालच्या पापुद्र्याची कुसळे कमी करतात. उलट्या दातांचे पाते असे बसवावे लागते की पाते सर्वांत वर असताना दोन-तीन उलटे दात टेबलाच्या वर दिसतील. हे न केल्यास जास्तीचे पैसे वाया जातात. स्वित्झर्लंडची पेगास पाती मला आवडतात. ती महाग असली तरी डझनाने घेतल्यास परवडतात, आणि साधी पाती सागावर वीस-पंचवीस मिनिटांत बोथट होतात हे लक्षात घेतले तर हिशोब बसतो.

पात्याचा ताण तंबोऱ्याची तार छेडावी तसा छेडून पाहावा; स्वच्छ, उंच स्वर निघाला पाहिजे, बद्द आवाज आला तर आणखी आवळावे. शिवाय बहुतेक पाती बनवताना एका बाजूला धातूची बारीक खरखर उरते, त्यामुळे पाते त्या बाजूला ओढते, आणि लाकूड अगदी समोरून ढकलण्याऐवजी तीन-चार अंश तिरपे ढकलावे लागते. हे कळेपर्यंत मी कित्येक दिवस सरळ रेषेशी भांडत होतो. पातळ प्लाय कापताना पात्याचा मधला थोडा भागच झिजतो. अशा वेळी टेबलावर १२ मिलिमीटरची फळी, पात्यापुरते भोक पाडून, दुहेरी चिकटपट्टीने बसवली की काम वर उचलले जाते आणि त्याच पात्याचे ताजे दात वापरता येतात. ही युक्ती साध्या पात्यांची आहे. उलटे दात मग लाकडापर्यंत पोहोचत नाहीत. पावसाळ्यात पाती गंजतात, म्हणून ती तेलाचे बोट लावून झाकणाच्या नळीत ठेवावीत.

लाकडाबाबत पहिला सल्ला सागाच्या विरुद्ध आहे, आणि तो ऐकून आमच्या वखारीतले लोक हसतात. सागात वाळूसारखे सिलिका असते, ते पात्याचे दात खाते, आणि त्याचा बारीक भुसा त्वचेला व श्वासाला त्रास देतो. शिकण्यासाठी शिवण घ्या: हलकी, कापायला मऊ आणि वाळल्यावर फारशी न वळणारी. हळदूची घट्ट, पिवळसर नस बारीक अक्षरांना फार शोभते. सावंतवाडीची खेळणी पारंपरिकरीत्या ज्या पांगाऱ्याची होतात, ते लाकूड खेळण्यांना ठीक आहे, पण नाजूक जाळीची कड त्यात भुसभुशीत होते. पाइन स्वस्त मिळते, मात्र त्याच्या गाठी आणि राळ टाळा. प्लाय घेताना कडा पाहा. बाजारातल्या साध्या प्लायच्या पोटात पोकळ्या असतात, आणि त्या नेमक्या नक्षीच्या अरुंद दांड्यावर येतात. बर्चचे प्लाय महाग असले तरी ते भरीव असते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, सुबक कापते, पण त्याचा भुसा पिठासारखा उडतो आणि ओलसर हवेत त्याची कड फुगते.

नक्षीचा कागद थेट लाकडावर चिकटवू नका. आधी लाकडाला काचकागद मारून घ्या, मग मास्किंग टेप लावा, त्यावर गोंदाच्या कांडीने कागद डकवा आणि वरून पार्सलची पारदर्शक टेप लावा. वरची टेप पात्याला वंगणाचे काम देते, शिसवीच्या कडा जळत नाहीत, आणि शेवटी सगळे एकदम सोलून निघते.

नावाच्या पाट्यांसाठी इंग्रजी नक्षीपुस्तके फारशी उपयोगाची नाहीत, कारण देवनागरीची अडचणही वेगळी आहे आणि सोयही. शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्द एका तुकड्यात निघतो, ही मोठी सोय आहे. परंतु थ, ध, भ या अक्षरांच्या डोक्यावर रेषा तुटते. ‘माधव’ ही माझी पहिली पाटी कापून झाली तेव्हा हातात ‘मा’ आणि ‘धव’ असे दोन वेगळे तुकडे आले. अशा ठिकाणी शेजारच्या अक्षराशी खालून बारीक जोड काढावा, किंवा सरळ मागे फळी लावावी. अनुस्वार आणि विसर्ग नेहमीच सुटे होतात. ते त्याच फळीतून कापून शेवटी चिकटवा, आणि कापल्याबरोबर डबीत टाका, नाहीतर भुशात शोधत बसावे लागते. याउलट अक्षर कापून भोक ठेवायचे असेल, तर व, ब, ठ यांचे पोट गळून पडते. तेथे दोन बारीक पूल आधीच रेखाटावे लागतात. छपाईतले सडपातळ अक्षर न घेता जाड, सारख्या रुंदीचे वळण निवडा. ६ मिलिमीटर प्लायमध्ये ४ मिलिमीटरपेक्षा अरुंद दांडा मी ठेवत नाही.

मखराची गोष्ट मापाची आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबरोबर थर्मोकोलवरही बंदी आल्यापासून प्लायच्या मखरांना मागणी आहे. मात्र १६ इंची घशाच्या यंत्रावर कोणत्याही कडेपासून १६ इंचांपेक्षा आत असलेल्या जागेपर्यंत पाते पोहोचत नाही, म्हणून मखराची कमान तीन-चार तुकड्यांत आखून खाचांनी जोडावी. भाद्रपदानंतर ती सुटी करून माळ्यावर ठेवताही येते. फळी फिरवायला जागा नसेल तेथे पिळाचे पाते लावा. ते सर्व दिशांनी कापते, पण कड खडबडीत सोडते, तेव्हा बारीक कानस हाताशी ठेवा. दोन्ही बाजूंचे खांब सारखे हवेत म्हणून दोन प्लाय एकमेकांवर टेपने बांधून एकदमच कापावेत.

पॉलिशची वेळ पावसाळ्यात येते, आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख दमट हवेत पांढरट पडते. मी जाळीकाम उकळलेल्या जवसाच्या तेलात बुडवून, निथळून, दोन दिवस वाळवतो. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी त्या गॅलरीच्या कठड्यावर एकेक पसरून वाळवतो आणि मगच टाकतो.

भुशासाठी एन-९५ मास्क आणि डोळ्यांना चष्मा लागेलच. शक्य असल्यास पायाने दाबायचे स्विचही घ्या, कारण पाते तुटते तेव्हा दोन्ही हात लाकडावर असतात.