'जंतुस्तर' म्हणू नका!

फोंड्याहून एका ताईंनी विचारलंय: मुलीच्या बारावीच्या नोट्समध्ये गर्भाच्या थरांना 'जंतुस्तर' म्हटलंय, ते बरोबर का? आणि मूत्रपिंड त्यातल्या कुठल्या थरापासून होतं?

बरोबर नाही. क्लासवाल्यांच्या तोंडून हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले. इंग्रजी 'जर्म लेयर'मधला 'जर्म' दिसला की यांना फिनेलच आठवतं! इथला जर्म म्हणजे कोंब. गव्हाचा जर्म पौष्टिक म्हणून खातात, तो काय रोगाचा असतो? १८१७ साली पांडर नावाच्या शास्त्रज्ञाने कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात हे तीन थर पाहिले (कोंब आणि कोंबडी यांचा संबंध कृपया कुणी जोडू नये). जर्मनमध्ये त्यांना 'कोंबाचं पान' म्हणतात. पोर्तुगीजमध्येही 'फोल्येतु', म्हणजे इवलंसं पानच.

आता खरी गंमत. लॅटिन 'जेर्मेन' मुळात 'गेन्-मेन'. पहिल्या न चा र झाला. 'गाणे' या अर्थाच्या 'कान्' धातूपासून 'कार्मेन' झालं, तसंच. (आमच्या वाड्यावरची कार्मेन यातली नव्हे, ते नाव कार्मेल डोंगरावरून आलंय.) 'गेन्' म्हणजे आपला 'जन्', आणि 'गेन्-मेन' म्हणजे थेट संस्कृत 'जन्मन्'! आणि जंतू? तोही 'जन्'चाच. जन्मतो तो जंतू. गीतेतले 'तेन मुह्यन्ति जन्तवः' हे जंतू म्हणजे तुम्ही-आम्ही, कॉलऱ्याचे नव्हेत. म्हणजे क्लासवाला वाट चुकला तो नेमका सख्ख्या भावाच्या दारात जाऊन पडला. काही पंडित 'जेर्मेन' हा 'वाहून नेणे' अर्थाच्या धातूपासून काढतात. त्यांनी आधी कार्मेनचं काय करायचं ते सांगावं.

परिभाषावाल्यांचा 'जननस्तर'ही मला पटत नाही. जननपेशी, जननेंद्रिय यांच्या शेजारी तो बसवला की मुलं घोटाळतात, वर खुसखुसतात. 'अंकुरस्तर' म्हणायला काय हरकत आहे?

हां, मूत्रपिंड! ते मध्यस्तरापासून. हाडं, स्नायू, हृदय, रक्तही त्याचंच. आतड्याचं अस्तर आणि यकृत अंतःस्तराचं, मेंदू बाह्यस्तराचा. पण 'त्वचा म्हणजे बाह्यस्तर' असं मुलीला घोकू देऊ नका. जांभ्या दगडावर गुडघा घासला आणि नुसता पांढरा ओरखडा उठला, तर सोललं ते बाह्यस्तराचं. रक्त आलं, की समजावं, खालच्या मध्यस्तराच्या कातडीपर्यंत पोचलं.