नेट कुठं अडलं, ते आधी शोधा

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. वय ३४. नेट बंद पडलं की दाखले थांबतात, लोक खोळंबतात, आणि यवतमाळहून माणूस यायला दोन दिवस लागतात. नेटवर्किंग शिकायची फार इच्छा आहे. पण दिवसभर ऑफिस, घरी दोन लेकरं, इंग्रजी कच्चं. रात्री एखादा तास मिळतो. जिल्ह्याला जाऊन महागडा कोर्स लावू का?

उत्तर : ताई, कोर्सचे पैसे सध्या राहू द्या. बंद पडणारं नेट तुमच्या टेबलावरच आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करा.

मी हे ३८व्या वर्षी शिकलो, एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत असताना. ऑफिसातून वजनकाट्यापर्यंत केबल टाकलेली होती, आणि ऐन हंगामात काट्यावरच्या कॉम्प्युटरचं कनेक्शन सारखं तुटायचं. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, शेतकरी उन्हात बसलेले. मी स्विच (केबली एकत्र जोडणारा डबा) बदलला, कॉम्प्युटरमधलं नेटवर्क कार्ड बदललं. तीन दिवस गेले. शेवटी टेप घेऊन अंतर मोजलं, तर १३० मीटर. तांब्याची नेटवर्क केबल सलग १०० मीटरपर्यंतच टाकायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या गोदामात एक स्विच बसवला आणि काटा चालू झाला. त्या तीन दिवसांत ताटकळलेली माणसं अजून डोळ्यांसमोर येतात, म्हणून तुमचं पत्र वाचून लगेच लिहायला बसलो.

एकच प्रश्न धरून ठेवा : निरोप कुठपर्यंत पोचला? आयपी अॅड्रेस म्हणजे घर नंबर. गेटवे म्हणजे गावाची वेस. बाहेर जाणारा प्रत्येक निरोप तिथूनच जातो. डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की घर दाखवणारा माणूस.

नेट चालू असतानाच कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) उघडून 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) द्या आणि जे दिसेल ते वहीत उतरवा. बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा आकडा असेल, खाली गेटवेचा. बंद पडल्यावर तीच कमांड पुन्हा द्या. आता १६९.२५४ दिसलं, तर कॉम्प्युटरनं राऊटरकडे (ऑफिसाला बाहेरच्या नेटशी जोडणाऱ्या डब्याकडे) नंबर मागितला आणि तो मिळाला नाही. केबल आणि राऊटर बघा. नंबर जागेवर असेल, तर गेटवेला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढं त्याचा नंबर द्या आणि उत्तर येतं का बघा. मग ८.८.८.८ला (हा बाहेरचा, गूगलच्या डीएनएसचा नंबर), मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. ८.८.८.८कडून उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर डीएनएसमध्ये अडलंय. (काही यंत्रं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून चालू असताना कोण उत्तर देतं, तेही लिहून ठेवा.)

फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल, तर कॉम्प्युटरला हातच लावू नका. बाहेरून उजेडच येत नाहीये. रस्त्याच्या कामावर जेसीबीनं कुठंतरी फायबर तोडलं असेल. लगेच फोन करा.

इंग्रजीची धास्ती सोडा. सुरुवातीला वीसेक शब्द पुरतात, आणि त्यातले निम्मे तुम्ही रोज बोलता. ओएसआयचे सात थर (नेटवर्कच्या कामाची पुस्तकातली मांडणी) पाठ करायची घाई नको. सबनेटचंही (म्हणजे गावाच्या हद्दीचं) २५५.२५५.२५५.० एवढंच समजून घ्या : आयपी अॅड्रेसचे पहिले तीन आकडे सारखे असलेले सगळे एकाच गावचे, आणि अशा गावात २५४ घरं बसतात. रात्रीच्या तासाला सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच लुटूपुटूचं नेटवर्क मांडायचं सॉफ्टवेअर) वापरा. ते फुकट मिळतं. त्यात दोन कॉम्प्युटर, एक स्विच, एक राऊटर मांडून स्वतःच जोडा, स्वतःच तोडा. दाखला घ्यायला आलेलं कुणी खोळंबत नाही.

आणि पुढच्या वेळी यवतमाळला फोन कराल तेव्हा 'नेट बंद आहे' असं म्हणू नका. 'गेटवेला पिंग जातो, ८.८.८.८ला जात नाही, लाल दिवा नाही' असं सांगा. मग काय होतं ते मला नक्की लिहून कळवा.