मधल्या सुट्टीचा तास : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अमेरिकेतील काही हायस्कुलांनी रूढ केलेल्या एका पद्धतीची माहिती या सदरात गेल्या अंकात दिली होती. तिथल्या मोठ्या शाळांत जेवणाच्या तीन-चार पाळ्या असतात. त्या मोडून काही शाळांनी सर्वांना एकाच वेळी तासाभराची सुट्टी दिली. त्या तासात जेवायचे कधी, शंका घेऊन कोणत्या शिक्षकांकडे जायचे, बुडालेली चाचणी द्यायची की एखाद्या मंडळाच्या बैठकीला बसायचे, हे विद्यार्थी ठरवतो. कुठे या तासाला ‘पॉवर अवर’ म्हणतात, कुठे ‘स्मार्ट लंच’. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमची शाळा पाचवी ते दहावीची असून पट ३०० आहे. शाळा अकरा ते पाच भरते. जादा तास पाचनंतर ठेवले की वाड्या-वस्त्यांवरच्या मुली थांबत नाहीत, कारण पुढची एसटी उशिरा असते. मधल्या सुट्टीत हे जमवावे असे वाटते, परंतु वेळ आणायचा कुठून? हात धुण्यासाठी नळ पाचच आहेत. वेळापत्रक सोबत जोडले आहे. (मुख्याध्यापिका, कोरेगाव तालुका)

उत्तर : आपल्या पत्रातले एसटीचे वाक्य हाच या योजनेचा खरा आधार आहे. सकाळी लवकर किंवा सायंकाळी उशिरा ठेवलेला जादा तास शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पदरात पडतो आणि ज्यांना त्याची गरज अधिक, ती मुले पास हातात घेऊन थांब्यावर उभी असतात. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण गाडीची वेळ काही त्यांच्या हातात नसते. म्हणून मदतीचा वेळ शाळेच्या पोटातच शोधावा लागेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथापि त्यासाठी तासिका कापू नये. आपल्या वेळापत्रकात ३५ मिनिटांच्या आठ तासिका, म्हणजे रोज २८० मिनिटे अध्यापन आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. २८० मिनिटांचे २२० दिवस धरले तर जेमतेम १०२६ तास भरतात आणि शनिवारची अर्धी शाळा वजा केली की तेवढेही राहत नाहीत. त्यामुळे वेळ काढायचा तो परिपाठ आणि सुट्ट्या यांतूनच. परिपाठातील सूचना फलकावर लावल्या तर तो २० ऐवजी १५ मिनिटांत आटोपतो. छोटी सुट्टी १५ ऐवजी १० मिनिटांची करता येईल, मात्र त्याखाली जाऊ नये, कारण मुलींच्या स्वच्छतागृहापुढची रांग कोणत्याही वेळापत्रकाला जुमानत नाही. या १० मिनिटांनी ४५ मिनिटांची मधली सुट्टी ५५ मिनिटांची होते.

आता नळांकडे वळू. ३०० मुले आणि पाच नळ म्हणजे एका नळावर ६० मुले. प्रत्येकाने १५ सेकंद घेतले तरी केवळ जेवणाआधीच्या हात धुण्यात १५ मिनिटे जातात आणि जेवणानंतर ताट-डबा धुण्याची दुसरी रांग वेगळीच. अमेरिकेतल्याप्रमाणे सर्वांना एकदम सोडले तर आपल्याकडे वाढीव वेळ नळावरच संपेल. म्हणून सुट्टीचे दोन भाग करावेत. पहिल्या २५ मिनिटांत पाचवी ते आठवीने जेवावे आणि नववी-दहावीतल्या गरजू मुलांनी शंकांच्या वर्गात बसावे. पाच मिनिटे अदलाबदलीची सोडून पुढच्या २५ मिनिटांत उलट करावे. पोषण आहार आठवीपर्यंतच असल्याने ही विभागणी स्वयंपाकगृहालाही सोयीची पडते. मोठी मुले घरातून नऊलाच निघालेली असतात, हे लक्षात घेऊन सुट्टी चौथ्याऐवजी तिसऱ्या तासिकेनंतर, एक वाजता द्यावी, म्हणजे त्यांचा डबा दीडला उघडेल. एक पंचावन्नला वर्ग पुन्हा भरतील आणि उरलेल्या पाच तासिका व छोटी सुट्टी धरून शाळा बरोबर पाचला सुटेल.

हा उपक्रम सोमवारी आणि शनिवारी ठेवू नये. मंगळवार ते शुक्रवार पुरेसे आहेत. आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. नववी-दहावीत डबा न आणणारी मुले असतात. आई पहाटेच भांगलणीला गेली की डबा होत नाही आणि मूल ‘भूक नाही’ म्हणून वेळ मारून नेते. अशा मुलाला शंकांच्या वर्गात बसवून बीजगणित शिकवणे व्यर्थ आहे. त्याच्या जेवणाची सोय वर्गशिक्षकांनी गाजावाजा न करता आधी लावावी.

प्रश्न : आमची मधली सुट्टी आजही ऑनलाइन माहिती भरण्यात आणि वह्या तपासण्यात जाते. आता तीही शिकवण्यात गेली तर आम्ही जेवायचे कधी? (शिक्षक, तासगाव)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. ज्या शाळेत हा तास शिक्षकांच्या चांगुलपणावर चालवला जाईल, तेथे तो दिवाळीपर्यंतही टिकणार नाही. कायद्याच्या २४व्या कलमाप्रमाणे गरज असलेल्या मुलाला अधिकचे मार्गदर्शन देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, पण त्याच कायद्याने शिक्षकाचा आठवडा पूर्वतयारीसह ४५ तासांचा धरला आहे. तेव्हा शंकांच्या वर्गाची पाळी शिक्षकाच्या कार्यभारात लेखी दाखवावी. एका शिक्षकाकडे आठवड्यातून दोनच दिवस आणि त्या दिवशीही एकच भाग असावा, म्हणजे दुसऱ्या भागात त्याला निवांत जेवता येईल. आहार वाढण्यापूर्वी चव घेऊन नोंद करण्याचे काम ज्याच्याकडे असेल, त्याला त्या दिवशी शंकांची पाळी देऊ नये. या वेळेत माहिती भरण्याचे काम सांगितले जाणार नाही, असे मुख्याध्यापकांनी सूचना-वहीत लिहून सही करावी.

मनुष्यबळ कमी असल्यास दहावीच्या मुलांनी सातवीच्या मुलांना शिकवण्यासही हरकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याची शिफारस केली आहे. मात्र वरील विभागणीत दोघांची मोकळी वेळ जुळत नसल्याने त्यासाठी आठवड्यातला एक दिवस राखून, त्या दिवशी या मुलांना एकाच भागात जेवू द्यावे लागेल.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे, सकाळी सहाला खासगी क्लासला जातो. त्याला सुट्टीत पुन्हा अभ्यास कशाला? हे परदेशी फॅड इथे हवेच का? (पालक, सातारा)

उत्तर : आपल्या मुलाने सुट्टीत अभ्यास करूच नये. तो जेवेल, वाचनालयात बसेल, मैदानावर जाईल. त्यासाठीच या तासात मोकळीक ठेवली आहे. फॅडाविषयी एवढेच म्हणता येईल की कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सुरू केलेले वसतिगृह आपल्याच गावातले. शिक्षण आणि भाकरी यांची सांगड तेथे घातली गेली, तेव्हा अमेरिकेतल्या वेळापत्रकांशी कोणाचा संबंध नव्हता.

शाळेच्या वेळेतच मागे पडलेल्या मुलांना वेगळे शिकवण्याचा प्रयोगही आपल्याकडे झालेला आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात मुंबई आणि वडोदरा येथे अशा मुलांना त्याच भागातील तरुणी रोज सुमारे दोन तास वाचन आणि गणिताची मूलतत्त्वे शिकवत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, परंतु वर्ग थांबल्यावर वर्षभरात त्यातली बरीच ओसरली, हेही त्यांनी नोंदवले आहे. तेव्हा चाचणीपुरता महिनाभर हा उपक्रम चालवून बंद करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. भूमितीत मला काही कळत नाही, पण शंकांच्या वर्गात गेले तर मैत्रिणी ‘ढ’ म्हणतील. काय करू? (विद्यार्थिनी, वाई)

उत्तर : तुझी अडचण तुझ्या एकटीची नाही. सर्वस्वी ऐच्छिक ठेवले की हुशार मुलेच शिक्षकांकडे जातात आणि गरजू मुले मागे राहतात, असा अनुभव येतो. त्यामुळे बाहेरच्या काही शाळा कमी गुणांच्या मुलांना ठरावीक दिवशी जाणे बंधनकारक करतात. आमच्या मते तुझ्या शिक्षकांनी नावांची यादी वर्गात वाचू नये; वहीत दुमडलेली चिठ्ठी ठेवावी आणि त्यावर धडा व वार एवढेच लिहावे. शिवाय त्याच खोलीत स्पर्धा परीक्षेची गणिते सोडवणारी मुलेही बसवावीत, म्हणजे दारातून आत जाणारा कशासाठी चालला आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. तोवर तू एखाद्या मैत्रिणीला सोबत घेऊन जा आणि ‘कळत नाही’ असे न सांगता नेमके कोणते प्रमेय कोणत्या पायरीवर अडते ते दाखव. बाईंनाही त्याने बरे पडेल.

प्रश्न : सुट्टी लांबली तर मुले फाटकाबाहेर वडापावच्या गाडीवर जातील. परवानगी द्यावी का? (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, कराड तालुका)

उत्तर : देऊ नये. अमेरिकेत काही शाळा वरच्या वर्गांना बाहेर जाऊ देतात, परंतु आपल्याकडे शाळेचे फाटक बहुधा थेट रस्त्यावर उघडते आणि गळीत हंगामात त्याच रस्त्याने उसाच्या जोडट्रॉल्या दिवसभर धावत असतात. मोकळीक आवाराच्या आतच असावी. फाटकावर रोज एका शिक्षकाला उभे करण्यापेक्षा समितीच्या सदस्यांनीच आळीपाळीने तो पाऊण-एक तास सांभाळावा. शिक्षक तेवढे शंकांच्या वर्गासाठी मोकळे होतील.