केनेडींचं भाषण : सारांशाकडून विश्लेषणाकडे

प्रश्न : राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांचं ११ जून १९६३ चं नागरी हक्कांवरचं भाषण निवडलं. त्यातली प्रभावी वाक्यं आणि भावनिक आवाहनं उतरवून काढली. ‘हा सारांश झाला, विश्लेषण नाही’ असा शेरा मिळाला. कुठे चुकलं?

उत्तर : वाक्यं सुटी केलीत, तिथे चुकलं. भाषणाची संहिता छापून घ्या, परिच्छेदांना क्रमांक द्या आणि समासात दोनच गोष्टी लिहा : इथे कोणाशी बोलणं चाललंय आणि त्याच्याकडून काय हवंय.

सुरुवातच बघा. त्या दिवशी अलाबामा विद्यापीठाच्या दारात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवून उभे होते. केनेडी वॉलेस यांचं नावही घेत नाहीत. विद्यार्थ्यांची ओळख करून देताना आधी त्यांची पात्रता येते, मग ते अलाबामाचेच रहिवासी असल्याचं, आणि ते जन्माने कृष्णवर्णीय असल्याचं सगळ्यात शेवटी. एवढ्या एका वाक्यावर तुम्हाला पानभर लिहिता येईल.

पुढे आकडे येतात. त्याच ठिकाणी, त्याच दिवशी जन्मलेल्या गोऱ्या बाळाच्या तुलनेत कृष्णवर्णीय बाळाची माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता निम्मी, पदवी मिळवण्याची एक-तृतीयांश, बेकार राहण्याची दुप्पट, आणि आयुर्मान ७ वर्षांनी कमी. हा प्रश्न मुळात नैतिक आहे, हे प्रसिद्ध विधान यानंतर येतं. बहुतेक विद्यार्थी ते विधान आधी उचलतात आणि आकडे पुरावा म्हणून खाली जोडतात. त्यामुळे भाषणाची खरी चाल उलटी होते. माझ्या मते या भाषणाचं बळ याच क्रमात आहे. विषमता मोजून दाखवल्यावर नैतिकतेची भाषा उपदेशासारखी वाटत नाही.

मग श्रोत्यालाच विचारलं जातं : आपल्यापैकी कोण कातडीचा रंग बदलून त्यांच्या जागी उभं राहायला तयार होईल? इथला ‘आपण’ गोरा आहे. कृष्णवर्णीय नागरिकांविषयी बोललं जातंय, त्यांच्याशी नाही. ही मर्यादा जरूर नोंदवा.

भाषणातली मागणी आणि नंतरचा कायदा यांची गल्लत मात्र करू नका. केनेडींनी हॉटेलं, उपाहारगृहं, नाट्यगृहं, दुकानं सर्वांना खुली करणारा कायदा मागितला. शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी संघराज्य सरकारला खटल्यांत अधिक वाव आणि मताधिकाराला संरक्षण मागितलं. खासगी नोकऱ्यांतल्या भेदभावावर बंदी त्यात नव्हती. २ जुलै १९६४ ला केनेडींनंतरचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्यात ती आली. तसंच, नागरी हक्क चळवळीतले कृष्णवर्णीय नेते मेडगर एव्हर्स यांची हत्या भाषणानंतर काही तासांनी झाली. ती भाषणाचं कारण म्हणून लिहू नका.

प्रश्न : भाषण दुसऱ्याने लिहून दिलं असेल, तर ‘केनेडींची शैली’ असं म्हणता येईल का?

उत्तर : मसुदा केनेडींचे भाषणलेखक टेड सोरेन्सन यांचा होता, तेव्हा शैलीचं श्रेय जपून द्या. जबाबदारी मात्र बोलणाऱ्याचीच. शिवाय वेळेवर मजकूर पूर्ण झाला नव्हता. शेवटचा भाग केनेडी आयत्या वेळी बोलले. ध्वनिमुद्रण लावून संहितेशी ताडून ऐका. शेवटाकडे वाक्यं सैल होतात. त्या भागावरून काटेकोर रचनेचे निष्कर्ष काढू नका.